तिसऱ्या फेरीची बशी

माझे सासरे कुठलीही गोष्ट पहिल्यांदा विचारल्यावर घेत नाहीत. चहा घेणार का विचारलं की नको. पुन्हा विचारलं की नको नको, आत्ताच झालाय. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतात, बरं, अर्धा. मग कपभर पितात. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे मुक्कामाला आले तेव्हा मी त्यांचं नको खरं धरलं आणि त्यांना अर्धपोटी झोपायला लावलं. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "अगं, यांचा पहिला नको ऐकायचाच नसतो. दुसरा ऐकायचा आणि सोडून द्यायचा." सासूबाई आता नाहीत. ही विद्या त्यांच्याबरोबरच गेली असती, पण मी वेळेत शिकून घेतली होती.

नवरा ती कधीच शिकला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टबाहेर उभं राहून पुन्हा पुन्हा बटण दाबणाऱ्या माणसांवर त्याचा फार राग. एकदा दाबलं की वर निरोप पोचतो, दहादा दाबणारे गाढव, असं तो अनोळखी लोकांनाही ऐकवतो. माणसांशीही त्याचं तसंच आहे. एकदा विचारतो, उत्तर घेतो आणि पुढच्या मजल्यावर निघून जातो.

सासरे राहतात ती इमारत पाडायची ठरली, तेव्हा त्याने फोनवर त्यांना विचारलं, "बाबा, आमच्याकडे राहायला येता का?"

"नको रे," बाबा म्हणाले.

"बरं," हा म्हणाला.

झालं. एवढ्यावर एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लागला. मी शेजारीच भाजी चिरत होते आणि माझी सुरी काही थांबली नाही. नवरा लगेच कामाला लागला. वृद्धाश्रम शोधला, तोही चांगला. स्वच्छ खोली, खिडकीबाहेर झाडं, चोवीस तास नर्स. आश्रमवाल्यांनी खोली शनिवार संध्याकाळपर्यंत आमच्यासाठी ठेवली होती. शनिवारी दुपारी बाबांना जेवायला न्यायचं, तिथून थेट आश्रमात जायचं आणि हो सांगून यायचं, असं ठरलं.

जेवायची जागाही नवऱ्यानेच निवडली. फर्निचरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक सुशीचं हॉटेल आहे. तिथली लिफ्ट त्याच्याकडे दुरुस्तीला असते, आणि लिफ्ट बघून झाली की तो तिथेच जेवतो. टेबलांच्या कडेने एक पट्टा फिरत असतो. त्यावर भाताचे छोटे मुटके, वर मासा नाहीतर काकडी नाहीतर अजून काही, दोन दोन एका बशीत, बशीवर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण. आवडेल ती बशी उचलायची आणि खायची. नवऱ्याला ते फार पसंत. म्हणतो, कुणी वाढायला नको, कुणी विचारायला नको. ज्या माणसाला तीनदा विचारावं लागतं त्याला जिथे कुणीच विचारत नाही अशा ठिकाणी घेऊन चाललाय, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून उपयोग नसतो.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पट्ट्याच्या बाजूला आम्ही त्यांनाच बसवलं. टेबलाला एक नळ होता, त्यातून चहासाठी कढत पाणी येतं. नवऱ्याने तिघांचा हिरवा चहा केला आणि पट्ट्याखाली वाकून बघितलं.

"साखळी ढिली आहे," तो म्हणाला. "कुणी तेल घालत नाही वाटतं."

मग त्याने लागोपाठ बशा उचलल्या आणि जेवायला सुरुवात केली. बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते. बशा त्यांच्या पुढ्यातून जात होत्या. प्रत्येक बशीबरोबर त्यांची मान थोडी वळायची आणि परत यायची. सबंध आयुष्य त्यांनी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासले, त्यामुळे वस्तू नीट बघायची सवय आहे. बघत होते, पण हात वर येत नव्हता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

"घ्या ना बाबा," मी म्हटलं.

"घेतो गं. होऊ दे तुमचं."

शेवटी त्यांनी एक बशी उचलली. पलीकडच्या टेबलावरची बाई नेमकी त्याच बशीकडे बघत होती, किंवा त्यांना तसं वाटलं. त्यांनी ती पुन्हा पट्ट्यावर ठेवली आणि तिला म्हणाले, "घ्या, घ्या तुम्ही." ती बाई गोंधळून हसली. वाढपीण मुलगी लगबगीने आली.

"आजोबा, एकदा उचललेली बशी परत ठेवायची नसते हं. उचलली की आपली."

"हो का? माफ करा," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मी ती बशी ओढून घेतली आणि संपवली. ऑक्टोपस होता. बराच वेळ चावत बसावं लागलं.

तेवढ्यात अंड्याची बशी आली. अंड्याच्या पिवळ्या पोळीच्या दोन वड्या, खाली भात. तिच्या झाकणाला कडेला तडा होता, म्हणून माझ्या लक्षात राहिली. बाबांनी तिच्याकडे बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ बघितलं. ती गेली. नवरा चौथ्या की पाचव्या बशीवर होता. जेवताना तो कुठल्याच गोष्टीकडे बघत नाही. थोड्या वेळाने ती तडा गेलेली बशी पलीकडून वळसा घालून पुन्हा आली. बाबांचा हात टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा त्यांचा स्वभावच.

मी टेबलाखालून नवऱ्याला पाय मारला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. आमच्यात अशा वेळी त्याला क्वचितच काही कळतं, पण त्या दिवशी कळलं. अंड्याचं नाही, दुसरंच काहीतरी.

"बाबा," तो म्हणाला, "तसं अजूनही वाटलं तर आमच्याकडे या. खोली आहेच."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं होतं. मी चहाचा पेला खाली ठेवला.

"नको रे. कशाला तुम्हाला," बाबा म्हणाले.

"बरं," नवरा म्हणाला.

त्याच क्षणी पट्टा करकरला आणि थांबला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हणून तो उठला आणि कुणी बोलावण्याआधीच आतल्या बाजूला गेला. वाढपीण मुलगी त्याला थांबवत होती आणि तो तिला साखळी समजावत होता. वडील वृद्धाश्रमात चालले होते आणि मुलगा साखळी बघायला गेला. मला त्याचा राग आला. बटण आणखी एकदा दाबलं असतं तर, असं मी मनात म्हणत होते, तेव्हा बाबा बोलले.

"त्याच्यावर चिडू नकोस. त्याने दोनदा विचारलं. त्याच्या मानाने पुष्कळ झालं."

"तिसऱ्यांदा विचारायला काय होतं त्याला?"

"त्याने शंभरदा विचारलं तरी मी नकोच म्हणणार होतो." त्यांनी चहाचा पेला थोडा फिरवला. "तू एकदाही विचारलं नाहीस."

पट्टा थांबलेलाच होता. समोर काकडीची एक बशी उगाच उभी होती.

"मी विचारलं असतं तर तुम्हाला तोंडदेखलं वाटलं असतं," मी म्हटलं.

"वाटलं असतं. मग दुसऱ्यांदा विचारायचं."

ते रागावून बोलत नव्हते. दुकानात काच बदलताना बोलायचे तसंच बोलत होते. मी एकदा त्यांच्याकडून डोळे तपासून घेतले होते. ही काच बरी की ही? मी म्हटलं होतं, ही बरी आहे. त्यांनी ऐकलं नाही, अजून एक लावली. म्हणाले, पहिल्या काचेला सगळे बरी आहे म्हणतात, डोळ्यावर कुणाचा विश्वास नसतो, दुकानदाराला बरं वाटावं म्हणून बोलतात.

"बाबा, चला आमच्याकडे," मी म्हटलं.

"नको गं."

"चला. खरंच म्हणतेय."

"नको. तुला त्रास."

आतून काहीतरी ठोकल्याचा आवाज आला आणि पट्टा हलला. बशा पुन्हा चालू लागल्या. आता तिसऱ्यांदा विचारायचं, ते बरं म्हणणार, सासूबाईंची रीत पूर्ण होणार. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते वाक्य म्हटलं असतं तर ते चहाचंच झालं असतं. बरं, अर्धा. आणि पुढची सगळी वर्षं ते माझ्या घरात अर्ध्या कपासारखे राहिले असते.

"ती खोली माझी आहे," मी म्हटलं. "दिवसभर मी दाताच्या दवाखान्यात फोन घेते. कुणाचा दात दुखतो, कुणाला वेळ बदलून हवी, कुणी उगाच ओरडतं. संध्याकाळी घरी आले की त्या खोलीत जाते, दार लावते आणि कुणाशी बोलत नाही. कधी कधी नुसती बसते. तुम्ही आलात की ती जाणार. मला वाईट वाटेल. तुमच्यावर चिडचिडही होईल, आणि ती मला लपवता येणार नाही. म्हणून मी विचारलं नव्हतं." मी श्वास घेतला. "तरी चला."

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"आता स्पष्ट दिसतंय," ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे येतो. दार तुझ्याकडेच राहू दे. तू आलीस की मी बाहेर जाऊन बसत जाईन. मलाही संध्याकाळी कुणी बोलायला नको असतं, तुझी सासू फार बोलायची." ते थांबले. "पण ती मुलगी काय म्हणाली ऐकलंस ना? एकदा उचलली की परत ठेवायची नाही."

"ऐकलं," मी म्हटलं. आधी मला त्या खोलीचं दार आठवलं. थोडं बरंही वाटलं, पण ते नंतर.

तडा गेलेलं झाकण वळणावर दिसलं. बाबांनी या वेळी कुणाकडे बघितलं नाही. बशी उचलली, झाकण काढलं आणि दोन्ही वड्या खाल्ल्या. मग म्हणाले, "गोड आहे की," आणि पुढची बशी उचलली.

नवरा हात पुसत आला. बोटांना काळं तेल लागलं होतं आणि तो खूश होता. मालकाने त्याला चहा पाजला होता. "चला, निघायला हवं. आश्रमवाले वाट बघत असतील."

"त्यांना फोन करून नाही म्हणून सांग," मी म्हटलं. "बाबा आपल्याकडे येतायत."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "पण मी आत्ताच विचारलं होतं. नको म्हणाले."

"हो, म्हणालो होतो," बाबा म्हणाले आणि सॅल्मनची बशी जवळ ओढली.

नवरा खाली बसला. मग त्याने नळाचं कढत पाणी घेऊन बाबांचा चहा पुन्हा केला, न विचारता. बाबांनी नको म्हटलं नाही.

लिफ्टपाशी आम्ही तिघं उभे राहिलो. नवऱ्याने बटण दाबलं. लिफ्ट खाली कुठेतरी होती, वेळ लागत होता. बाबांनी हात पुढे केला आणि बटण पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा. मी नवऱ्याकडे बघितलं. तो आकड्यांकडे बघत उभा होता, गप्प.