एका रिंगचा भात

नागभीडच्या अलीकडे, मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, भागीरथाचं घर होतं. घरात टॉवर एकाच ठिकाणी यायचा, दाराच्या उजव्या चौकटीपाशी. म्हणून तिथे एक खिळा ठोकला होता आणि खिळ्याला कापडी पिशवीत मोबाईल टांगलेला असायचा. फोन वाजला की पिशवी थरथरायची. बोलायचं असेल तर चौकटीला गाल लावून उभं राहायचं. जरा हललं की आवाज तुटला.

तसं बोलणं क्वचितच व्हायचं. ही गोष्ट २००७-०८ सालची. फोन करणाऱ्याचे पैसे कटायचे, उचलणाऱ्याचे नाही; आणि उचललाच नाही तर कोणाचेच नाही. त्यामुळे घराघरांत मिस कॉलची एक भाषा तयार झाली होती. भागीरथाच्या घरची भाषा तिच्या नवऱ्याने, शालिकरामने, ठरवली होती. तो ढिवर माणूस. दिवस बुडेपर्यंत डोंग्यातून जाळं टाकायचा, हिवाळ्यात शिंगाडे काढायचा. त्याने नियम केला: एक मिस कॉल म्हणजे 'निघालो, भात मांड.' लागोपाठ दोन म्हणजे 'पाळीवर ये.'

नियम त्याला सुचला तो जुन्या शिकवणीवरून. तलावाकाठची लेकरं चालायला लागली की त्यांना आधी हेच सांगतात: तिन्हीसांजेला पाण्याकडून एक हाक आली तर ओ देऊ नको. जिवंत माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो. पाण्यातलं जे असतं, ते एकदाच मारतं.

शालिकराम हसून म्हणायचा, "मी जिता हाय ना. खरंच काम पडलं त दोनदा वाजवीन."

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी पिशवी एकदा थरथरली. भागीरथा चुलीपाशी होती. तिने जरा वाट पाहिली. पिशवी पुन्हा हलली नाही, तेव्हा तिने तांदूळ धुतले आणि आधणात टाकले. भात शिजला, निवला, वरून कोरडा पडला.

डोंगा लवकर सापडला, जाळंही सापडलं. शालिकराम दुसऱ्या दिवशी शिंगाड्याच्या वेलांत सापडला. मोबाईल सापडला नाही.

लोक म्हणाले, चक्कर आली असेल. कोणी म्हणाले, वेलात पाय गुंतला असेल. फोन आला होता का, हे भागीरथाला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पण तेव्हापासून एकच प्रश्न तिच्यासोबत उठायचा, बसायचा. ती रिंग भाताची होती, की दोनातली पहिली?

दोनाचं बटण दाबून धरलं की नवऱ्याला फोन लागतो, एवढं त्याने तिला शिकवलं होतं. ती रोज दिवे लावायच्या वेळी ते बटण दाबायची. आतली बाई शांतपणे सांगायची, ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. हे ऐकून भागीरथाला उगाच बरं वाटायचं. बाहेर आहे म्हणजे कुठेतरी आहे. वैशाखात मात्र ती बाई वेगळं बोलली. हा क्रमांक अस्तित्वात नाही. दुसऱ्या दिवशी भागीरथाने पुन्हा बटण दाबलं.

आषाढात पावसामुळे वाघाचं जंगल पर्यटकांना बंद झालं आणि तिचा मुलगा प्रफुल, जो मोहर्लीला पर्यटकांची जिप्सी चालवायचा, चार दिवस घरी आला. त्याची बहीण मयुरी चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती.

"आई, आपल्या तिघायचे सिम तीन कंपन्यायचे. म्हणून परवडत नाई," तो म्हणाला. "आज एकदाचं ठरवून टाकू."

नागभीडला बसस्टँडसमोर अमरचं मोबाईलचं दुकान होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. अमरने काचेवर दोन रंगीत कार्डं ठेवली.

"हे पाहा बाई. हा लाइफटाइम. एकदा टाकला का इनकमिंग जलमभर. दर महिन्याची झंझट नाई."

"जलमभर म्हंजे कोणाच्या?" भागीरथाने विचारलं.

अमर हसला. "सिमच्या, बाई."

"आन हा?"

"हा परिवार प्लॅन. याले महिन्याच्या महिन्याले रिचार्ज मारा लागते. पण तुमी तीन नंबर द्याचे. तुमच्या फोनवरून त्या तिघायशी कितीबी बोला, फुकट."

"लाइफटाइमच दे, अमरभाऊ," प्रफुल म्हणाला. "आई मिस कॉल देईन, मी लावीन. आतापर्यंत चाललंच ना तसं."

"मले मिस कॉल नको."

"काऊन? तू त फोनवर बोलतच नाई. 'बरी हाय' म्हणते आन ठेवते. तेवढ्यासाठी महिन्याचा रिचार्ज?"

"शिंगाडे विकून भरीन मी. तुले नाई मागत."

"मयुरीनं भरवलं वाटते तुह्या डोक्यात. तिले त मैत्रिणीयसंग बोलाले रात पुरत नाई."

भागीरथाने कार्ड उचललं. त्यावर आई, बाप आणि दोन लेकरं, सगळे फोन कानाला लावून हसत होते. त्यांच्याकडे बघतच ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी एक रिंग आली होती."

"कोन्त्या दिवशी?"

त्यांच्या घरात 'त्या दिवशी' म्हणण्यासारखा एकच दिवस होता. प्रफुलचा चेहरा उतरला.

"मंग तू?"

"भात मांडला."

अमर फडकं घेऊन काच पुसू लागला, जी आधीच स्वच्छ होती. पत्र्यावरचा पाऊस वाढला. प्रफुलने खिशातून पाकीट काढलं.

"परिवार लाव, अमरभाऊ."

एक नंबर प्रफुलचा झाला, दुसरा मयुरीचा. "तिसरा राहू दे रिकामा," प्रफुल म्हणाला. पण भागीरथाने एकेक आकडा सुटा करून, न अडखळता एक नंबर सांगितला. अमरने लिहून घेतला.

"नाव काय टाकू?"

नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात कधी तोंडाने घेतलं नव्हतं. "मयुरीचे बाबा टाक," ती म्हणाली.

प्रफुलने मान फिरवली. "आई, तो नंबर बंद हाय."

"बंद नंबर कंपनी काही महिन्यानं दुसऱ्याले देते, बाई," अमर समजुतीने म्हणाला. "उद्या कोणी भलताच उचलन."

"उचलू दे ना. कोणी त उचलन."

नव्या प्लॅनने घरात आवाज आला. आता भागीरथा रोज चौकटीला गाल लावून मयुरीला विचारायची, आज काय शिकली, वरण कसं होतं, पाय दुखले का. मयुरी म्हणायची, "आई, तू एवढी बोलते हे मले ठाऊकच नव्हतं." प्रफुलला ती गाडी हळू चालव म्हणायची आणि तो हो म्हणून तिला वाघाची काहीतरी थाप मारायचा. बोलून झालं की ती दोनाचं बटण दाबायची. हा क्रमांक अस्तित्वात नाही.

पोळा झाला. तलाव पाळीच्या काठोकाठ भरला. एका संध्याकाळी तिने सवयीने बटण दाबलं आणि पलीकडे घंटी वाजू लागली.

तिने फोन कापला, पिशवीत टाकला आणि मागे सरली. अमरचं बोलणं तिला आठवलं. कोणी भलताच असेल. कोणी गरीब असेल, नवं सिम घेतलं असेल. ती चुलीपाशी गेली. आधण ठेवलेलंच होतं. तिने तांदूळ पाखडलेलं सूप हातात घेतलं.

पिशवी थरथरली. एकदाच.

तिने जाऊन फोन बाहेर काढला. पडद्यावरचे आकडे तिला पाठ होते.

ती वाट पाहत उभी राहिली. दारातून तलाव दिसत होता, वरचा उजेड जात होता. शिंगाड्याचे वेल यंदा पुन्हा दाट झाले होते. दुसरी रिंग आली नाही. लहानपणी तिच्या आईने तिला जे सांगितलं होतं, आणि तिने जे प्रफुलला आणि मयुरीला सांगितलं होतं, ते सगळं तिला आठवत होतं.

तिने सूप खाली ठेवलं आणि दोनाचं बटण दाबून धरलं.

घंटी गेली. कोणीतरी उचलला. पण बोललं कोणी नाही. ओला वारा ऐकू येत होता आणि बेडूक. लाकडाला काहीतरी घासत होतं, वेल डोंग्याला घासतो तसं. तिच्या एका कानात दाराबाहेरच्या तलावातले बेडूक ओरडत होते आणि दुसऱ्या कानात फोनमधले, आणि दोन्ही एकाच वेळी थांबत होते.

आवाज तुटू नये म्हणून भागीरथाने चौकटीला गाल घट्ट लावला.

"बोला," ती म्हणाली. "आता पैसे नाई लागत."

मागे चुलीवर आधण उकळत होतं. तांदूळ तिने अजून टाकले नव्हते.