छोट्या प्रतींचा ठराव

एगोन थ्रानेवर मी अजून चिडलेली आहे, आणि तो भला माणूस आहे हे मला कुणी समजावू नये. भला आहे, म्हणूनच तर जास्त राग येतो.

आमच्या बंदरात जिथे पूर्वी मासळीचा लिलाव व्हायचा, तिथे आता गावाच्या जुन्या फोटोंचा संग्रह आहे. दर मंगळवारी आम्ही निवृत्त मंडळी जमतो, कॉफी पितो आणि संगणकावर फोटो बघत यातला कोण, त्यातला कोण ते ओळखून नावं घालतो. माग्नुस टॉफ्ट नावाचा फोटोग्राफर मेला तेव्हा पेट्याच्या पेट्या मागे ठेवून गेला होता. त्या सगळ्या आम्ही संगणकात उतरवल्या, त्याही अवाढव्य आकारात. कारण अध्यक्ष एगोन म्हणाला, करायचं तर नीट करू. जन्मभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस तो. बाटलीवरची चिठ्ठी तिरकी लागली तर त्याला झोप यायची नाही.

परिणाम असा, की एक फोटो उघडला की तो वरून खाली पट्टी-पट्टीने उतरायचा. आधी आभाळ. ते आमच्याकडे भरपूर. मग डोलकाठ्या. माणसं येईपर्यंत कॉफी निवून जायची.

आमच्यातली आस्ता बिस्गोर त्या फोटोंत आपला भाऊ शोधत होती. कार्लो एकोणिसाव्या वर्षी समुद्रात गेला, तो परत आलाच नाही. त्या हिवाळ्यात त्यांच्या आईने घरातले त्याचे सगळे फोटो चुलीत घातले. चर्चमागच्या दगडावर त्याचं नाव आहे, चेहरा कुठेच नाही. टॉफ्ट रोज धक्क्यावर असायचा, तेव्हा कार्लो त्याच्या एखाद्या फोटोत असणारच, असा आस्ताचा हिशेब. आणि तिला घाई होती. तिची नजर मधोमध जात चालली होती. कडेचं दिसायचं, पण जिथे रोखून बघावं तिथेच करडा डाग. इस्पितळात डोळ्यात सुया टोचून घेऊनही तो वाढत होता. मार्चमध्ये ती पडद्याला नाक लावून चेहरे ओळखायची.

उपाय साधा होता. त्या संगणकात एक सोय असते. एका चौकटीत खूण केली की तो प्रत्येक फोटोची छोटी प्रत आधीच करून ठेवतो, आणि मग नुसत्या छोट्या प्रती भराभर चाळता येतात. पासवर्ड मात्र एगोनकडे.

"कर ना ती खूण एकदाची," मी त्याला म्हटलं. "मूळ फोटोला धक्काही लागत नाही."

"एका फोटोची एकच प्रत, तोवे. छोट्या प्रती झाल्या की लोक त्यांच्यावर नावं टाकतात. मागे भलतीच बाई भलत्याची नवरी झाली होती, आठवतं ना?"

"त्या बाईची काही तक्रार नव्हती."

तो हसला नाही. "हा कामाच्या पद्धतीतला बदल आहे. वार्षिक सभेत मांडू."

वार्षिक सभा ऑक्टोबरात. मी भांडले. कार्यकारिणीला सांगून पाहिलं. सगळे म्हणाले, एगोनचं बरोबर आहे, सभेत ठरू दे, म्हणजे नंतर कुणाची कुरकूर नको. आमच्या गावात माणूस बुडत असला तरी दोर टाकायचा ठराव आधी होतो. उन्हाळाभर आभाळ पट्टी-पट्टीने उतरत राहिलं, आणि आस्ता डाव्या-उजव्या बाजूने कोंबडीसारखी मान तिरकी करून बघत राहिली. ऑगस्टनंतर तिने ओळखणं सोडलं. नुसती कॉफीला यायची.

सभेत आधी गाणं झालं, मग इतिवृत्त, मग छोट्या प्रती. कुणाची हरकत? कुणाचीच नाही. सगळे हात वर. त्याहून जास्त वेळ केक कापायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या मंगळवारी फोटो असे धावले की विचारू नका. मी बटण दाबून धरलं होतं, आस्ता शेजारी कप घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"थांब," ती एकदम म्हणाली. "मागे जा."

"कुठल्या फोटोवर?"

"मला काय ठाऊक कुठला? कुणीतरी चाललं होतं."

मी मागे गेले. धक्क्यावर पेट्या उचलून निघालेले तीन जण, पाठमोरे. टॉफ्टने एकापाठोपाठ एक खटाखट काढलेले फोटो. एकेक बघितला तर नुसत्या तीन पाठी. बटण दाबून धरलं, आणि मधला चालायला लागला.

"डावा पाय बघ त्याचा," आस्ता खिडकीकडेच तोंड ठेवून, डोळ्याच्या कडेने बघत म्हणाली. "बाहेर फेकतो. आई ओरडायची, बूट झिजवतोस म्हणून. कार्लो आहे तो."

माझं बोट बटणावरच राहिलं. रांग पुढे सरकली आणि शेवटच्या फोटोत कुणीतरी हाक मारल्यासारखा तो वळला. मी बोट काढलं.

"का थांबलीस?"

"तो आपल्याकडे बघतोय, आस्ता."

तिने कप ठेवला. मान इकडे केली, तिकडे केली, मग पुन्हा इकडे. "नाही गं," ती म्हणाली. "तिथे भोक आहे."

दात होते तेव्हा चणे दिले नाहीत. मी उठले. एगोन कपाटापाशी पाकिटं लावत होता.

"ये इकडे. बस या खुर्चीवर. काय दिसतं ते तूच सांग तिला."

तो बसला. चष्मा पुसला. "पुरुष, वय अंदाजे वीस. विणलेली टोपी. रबरी बूट..."

"तो पोलिसांना हवाय का?" आस्ता म्हणाली.

एगोन पडद्याकडे वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "कान बाहेर आलेत. हसतोय. पुढचा एक दात अर्धा तुटलाय."

"तो मी तोडला. वल्ह्याने."

"हनुवटी..." एगोनने पडद्याकडे बघितलं, मग तिच्या हनुवटीकडे. "आस्ता, मी हा मोठा छापून देतो तुला. चौकटीसकट."

"मार्चमध्ये द्यायचा होतास," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर एगोनला सोपं गेलं असतं.

तो पुन्हा चष्मा पुसायला लागला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

आस्ताने पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. "तोवे, ते चालतानाचे लाव. मला तेवढा दिसतो. आणि चेहऱ्याच्या आधी थांबत जा."

तेव्हापासून दर मंगळवारी मी बटण दाबून धरते. कार्लो धक्क्यावरून चालत जातो. तो वळायच्या आधी मी बोट उचलते.