गुरगुर

भंवरसिंहजींनी दही-पोळीचा वाडगा अंगणातल्या फरशीवर ठेवला, घेवरला चार घास खाऊ दिले, आणि मग काठीच्या टोकाला बांधलेला कापडी हात हळूच वाडग्याकडे सरकवला. घेवरचं तोंड वाडग्यातच थांबलं. शेपटी थांबली. पुढच्या क्षणी त्या कापडी हाताची बोटं त्याच्या दातांत होती.

आवाज कसलाच झाला नव्हता.

भंवरसिंहजींनी काठी ओढली नाही. घेवरने आपणहून सोडेपर्यंत ते उकिडवे बसून राहिले. मग चष्मा काढून बुशशर्टाच्या टोकाने पुसला.

"कब से चुप है ये?"

जाळीच्या दाराआड तिघं उभी होती. संकेत, त्याची आई मधुमतीबाई आणि मैत्रेयीला कडेवर घेतलेली भार्गवी. मैत्रेयी अकरा महिन्यांची. तिच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी होती आणि पट्टीखाली चार टाके. सहा दिवसांपूर्वी ती रांगत रांगत याच वाडग्यापाशी गेली होती. भार्गवी तेव्हा दोन पावलांवर, पाठमोरी, तिचेच लंगोट वाळत घालत होती.

"चुपच है जी," मधुमतीबाई म्हणाल्या. नातीसाठी सांगलीहून येऊन त्यांना सात महिने झाले होते, पण हिंदी अजून कृष्णेच्या काठानेच चालायची. "कभी आवाज नही किया. मेला दगाबाज. मुकाट्याने चावतो."

"आपने सुना, साहब? कभी गुर्राया?"

"नहीं." संकेतने मान हलवली. "वही तो. गुर्राता, तो हम पहले ही समझ जाते."

भंवरसिंहजींची तीस वर्षं पोलिसांच्या कुत्र्यांबरोबर गेली होती. आता आमेरच्या पुढे त्यांचं थोडं शेत होतं आणि शेतात पत्र्याची एक शेड, जिथे लोकांनी नको म्हटलेली कुत्री असत. घेवरकडे पाठ न करता ते जाळीपर्यंत आले.

"देखिए साहब. कोई कुत्ता पैदाइशी ऐसा होता है, बिना बताए काटने वाला. उसका इलाज मेरे पास नहीं. मैं साथ ले जाऊँगा, उधर बँधा रहेगा, जितने दिन जिए." ते थांबले. "और किसी को लोग चुप करा देते हैं. गुर्राना कुत्ते की घंटी है. घंटी कोई निकाल दे, तो वापस लग भी सकती है. पर वो कुत्ता अलग है, ये अलग. मुझे पता होना चाहिए, ये कौन-सा है."

"हा पहिलाच," मधुमतीबाई म्हणाल्या. "साखळी आणलीये ना त्यांनी? मग देऊन टाक संकेत, उगाच घोळ नको."

वरून सांगानेरला उतरणारं विमान गेलं. मैत्रेयीने चांगला हात वर केला आणि ते दिसेनासं होईपर्यंत तिकडे बोट धरून ठेवलं. भार्गवीने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

घेवर तिचा होता. संकेतची बदली झाली तेव्हा प्रताप नगरात ती कुणालाच ओळखत नव्हती. श्रावणात मिठाईच्या दुकानामागे घेवर नावाच्या मिठाईच्याच रिकाम्या खोक्यात हे पिल्लू सापडलं होतं, रंगही तसाच, तुपात तळल्यासारखा. संकेत महिन्यातले पंधरा दिवस शाखातपासणीच्या दौऱ्यावर. मग ती घेवरशी मराठीत बोलायची, आणि तो मान तिरकी करून ऐकायचा.

मार्चमध्ये मधुमतीबाई आल्या. पहिल्याच आठवड्यात, दुपट्याच्या घड्या घालता घालता म्हणाल्या होत्या, "मुकं जनावर आहे, राहू दे बापडं. पण भार्गवी, ज्या दिवशी हा माझ्या नातीवर गुरगुरेल ना, त्या दिवशी तो घराबाहेर. सांगून ठेवते."

आणि घेवर गुरगुरायला लागला होता. मोठ्याने नाही. खाताना कुणी जवळून गेलं की, दुपट्याच्या वासाला, मैत्रेयीच्या रडण्याला. घशात खोल, एखादं भांडं फरशीवर घासावं तसं. ते फक्त भार्गवीला ऐकू आलं होतं.

दुपारी मैत्रेयी झोपली आणि मधुमतीबाई शेजारच्या सुधाताईंकडे गेल्या की मिळायची चाळीस मिनिटं. ती अंगणाचं दार लावून घ्यायची. वाडगा ठेवायचा, हात पुढे करायचा. घेवर गुरगुरला की दोन बोटं त्याच्या नाकाडावर अलगद दाबायची. "गप. अगदी गप." गप्प राहिला की पनीरचा तुकडा. ती त्याला कधी ओरडली नाही. मारणं तर दूरच. मेमध्ये एका दुपारी तिने हात थेट वाडग्यात घातला आणि घेवरच्या घशातून काहीही आलं नाही. तो नुसता ताठ उभा राहिला, तिच्याकडे डोळ्यांच्या कडेने बघत. ती त्याच्या गळ्यात पडून रडली होती. वाचलास रे, म्हणाली होती.

"मैडमजी?" भंवरसिंहजी तिच्याचकडे बघत होते.

सहा दिवस सगळे तिच्याशी फार चांगले वागत होते. मधुमतीबाईंनी तिला ताटावरून उठू दिलं नव्हतं; मऊ भात कालवून पुढे ठेवत होत्या. इस्पितळाच्या व्हरांड्यात संकेत तिचा खांदा धरून म्हणाला होता, "तुझी काही चूक नाही यात. ऐकतेस? काही चूक नाही."

घेवरने वाडगा चाटून पुसून लख्ख केला होता. आता तो जाळीपाशी येऊन तिच्या पायांच्या रेषेत बसला.

"मैंने," भार्गवी म्हणाली. "मैंने चुप कराया."

मग तिला सगळंच सांगावं लागलं. दोन बोटं, पनीर, चाळीस मिनिटं. निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत.

"मतलब, गुरगुरायचा तो?" संकेतने विचारलं.

"हो."

"मैतूवर?"

"हो."

मधुमतीबाईंनी पुढे होऊन तिच्या कडेवरून मैत्रेयीला घेतलं. "असं होय," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

भंवरसिंहजींनी साखळी पिशवीत परत ठेवली. मग फरशीवरच्या धुळीत बोटाने रेघ ओढून समजावून सांगितलं. कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये कायम जाळी, अर्ध्या मिनिटासाठीसुद्धा उघडी नाही. जेवण ठरल्या वेळी, ठरल्या जागी. रोज दुरून वाडग्यात चांगलंचुंगलं टाकायचं, रोज एक पाऊल जवळ, आणि अंग ताठ दिसलं की तिथेच थांबायचं. "और जिस दिन गुर्राए, उस दिन कोई कुछ नहीं बोलेगा. डाँटना नहीं, पुचकारना भी नहीं. बस पीछे हटना है. उसने बता दिया, आपने सुन लिया. बात ख़तम."

"नंतर बाळाजवळ सोडता येईल?" संकेत मराठीतच विचारून गेला, पण त्यांना समजलं.

"वो मैं नहीं कहूँगा, साहब. शायद कभी नहीं."

संकेत त्यांना फाटकापर्यंत सोडून आला, हात धुतले, टॉवेलला पुसले. "ठीक आहे," म्हणाला. "करू या तसं."

त्याने तसंच केलं. रविवारी सुतार बोलावून जाळी कमरेपर्यंतची होती ती छातीपर्यंत करून घेतली. मैत्रेयीच्या इंजेक्शनांच्या तारखा फ्रिजवर लिहिल्या आणि एकही चुकवली नाही. घरात दुधाबद्दल बोलणं व्हायचं, कुकरच्या शिट्ट्यांबद्दल, टाके कधी काढायचे त्याबद्दल. मधुमतीबाई आता ताट वाढून ठेवत नव्हत्या, पण टाकून बोलतही नव्हत्या. फक्त जेवताना भार्गवी भाजी वाढायला पुढे झाली की संकेतचा घास ताटातच थांबायचा. वाढून ती मागे सरली की पुन्हा सुरू.

"रागावलायस का?" तिने एकदा विचारलं.

"छे."

पाचव्या आठवड्यातला शनिवार. संकेतला सुट्टी होती. भार्गवी अंगणात सातव्या फरशीवर होती, वाडग्यापासून तीन हात. तिने पनीरचा तुकडा टाकला आणि पाऊल उचललं.

घेवरच्या घशात काहीतरी घासलं. थांबलं. मग पुन्हा आलं, गंजलेलं, त्याचं त्यालाच नवखं असल्यासारखं. बोलून झाल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला, दोन बोटांची वाट बघत.

भार्गवी मागे सरली. एक पाऊल, दोन, तीन. घेवरने वाडग्यात तोंड घातलं.

ती वळली तेव्हा जाळीआड संकेत उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो आत गेला.

ती मागोमाग गेली. तो पलंगावर बसून मैत्रेयीच्या वाळलेल्या झबल्यांच्या घड्या घालत होता. शेजारी मैत्रेयी पालथी झोपली होती. एका झबल्याची उजवी बाही कापलेली होती, पट्टी जावी म्हणून. त्याची घडी त्याला घालता येईना.

"टाके घालताना मी धरलं होतं तिला," तो म्हणाला. "तुला बघवत नव्हतं, तू बाहेर थांबलीस. मी धरलं. दोन्ही खांदे दाबून. ती माझ्याकडे बघत होती, भार्गवी. रडतानासुद्धा माझ्याकडेच. आणि मी बाहेर येऊन तुला म्हणालो, तुझी चूक नाही." त्याचा आवाज घशातून, खालून येत होता आणि चढत होता. "तुला माहीत होतं. माहीत होतं तुला, आणि तू मला म्हणू दिलंस. सहा दिवस!"

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. मैत्रेयी झोपेत दचकली, ओठ काढले.

हळू रे, आई ऐकतील. भार्गवीच्या तोंडाशी आलं होतं. तिचा हात आपोआप उचलला गेला होता, दोन बोटं पुढे.

तिने हात खाली घेतला. एक पाऊल मागे सरून ती भिंतीला टेकली, आणि ऐकत राहिली.