पाठमोरा मुलूख

मिशीवाल्यांच्या नाकावर माशी बसलेली त्यांना खपत नसे, आणि चुकून बसलीच तर ती खाली मिशीत अडकायची, असं गल्लीत म्हणत. गल्लीच्या वळणावरचं दोन खुर्च्यांचं सलून त्यांचं. पाटीवर त्यांचं खरं नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचायची गरज कुणालाच पडत नसे. सगळी गल्ली 'मिशीवाले' म्हणायची, आणि बायको 'अहो'वरच भागवायची.

गोष्ट खरं तर या बायकोची आहे. पण मिशीवाल्यांना मागं ठेवून काही सुरू केलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

झालं असं, की परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं आईचं नाव एका ऑनलाइन कोर्सला घातलं. आपणच काढलेल्या फोटोंचे तुकडे करायचे, ते एकमेकांत मिसळायचे, थरावर थर चढवायचे आणि जगात कुठंच नाही असं चित्र उभं करायचं, असा तो कोर्स. "शाळेत तुझी चित्रं फळ्याशेजारी लावायचे ना? मग आता लाव पुन्हा," असं म्हणून लेकीनं आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला.

"फोटो कापायचे?" मिशीवाले म्हणाले. "मग शिकायला एवढ्या लांब कशाला? कापण्यात आमची हयात गेली!"

 स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बायको कामाला लागली. सुरुवातीला तिनं दोनदा केलेलं सगळं पुसून टाकलं, एकदा चुकून आणि एकदा रागानं. मग हात बसला. माणसाच्या कडेकडेनं नीट कापून त्याला फोटोतून अलगद उचलायचं कसं, एका फोटोतला उजेड दुसऱ्यावर पाडायचा कसा, हे तिला जमायला लागलं, आणि भाजी चिरतानाही ती स्वतःशीच हसायला लागली.

पहिला मोठा गृहपाठ होता: दोन वस्तूंची एक करा. तिनं चहाची किटली घेतली आणि तिच्या तोटीखाली नवऱ्याच्या मिशा लावल्या. किटली अशी काही रुबाबदार दिसायला लागली, की तिनं ती हौसेनं लेकीला पाठवली, लेकीनं मावशीला, आणि मावशीच्या पोटात कधी काही राहिलंय? दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये एक गिऱ्हाईक खुर्चीत टेकता टेकता म्हणालं, "दोन कप ओता जरा."

मिशीवाल्यांचा पारा चढला. घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं. "यापुढं माझा एक केससुद्धा तुझ्या त्या चित्रांत दिसता कामा नये. माझी परवानगी नाही."

"बरं," बायको म्हणाली आणि तिनं ते अक्षरशः पाळलं. त्यानंतर दुपारी डबा घेऊन सलूनमध्ये आली की बाकावर बसून ती फोटो काढायची, पण नवऱ्याकडे फोन वळवायची नाही. केस कापून झाले की मिशीवाले गिऱ्हाइकाच्या मानेमागं हातातला आरसा धरायचे आणि म्हणायचे, "बघा." गिऱ्हाईक समोरच्या आरशात बघून मान डोलवायचं. नेमक्या त्या वेळी ती विचारायची, "मागून एक फोटो घेऊ का?" आणि लोक म्हणायचे, "घ्या की वहिनी." मिशीवाले फुगून बसलेले. कशाला, काय, त्यांनी विचारलंच नाही.

शेवटी कोर्स संपायचा दिवस आला. संध्याकाळी सगळ्या विद्यार्थ्यांच्या शेवटच्या चित्रांचं ऑनलाइन प्रदर्शन होतं. सलूनला सुट्टी होती आणि मिशीवाले सकाळचा चहा घेत बसले होते. बायकोनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"अहो, रुसवा जरा बाजूला ठेवा. यात कुणी ओळखू येतं का, तेवढं सांगा."

मिशीवाल्यांनी पाहिलं, आणि हातातला कप तसाच राहिला.

पडद्यावर एक मुलूख पसरला होता. डोंगरामागं डोंगर, उतारांवर नांगरल्यासारख्या रेघा, पायथ्याशी गवताची कुरणं, लांब पांढरीशुभ्र शिखरं. वर एक गुळगुळीत चंद्र. पण मिशीवाले काही डोंगर बघून फसणारे नव्हते. ती सगळी डोकी होती. मागून काढलेली, त्यांनी स्वतःच्या हातानं कापलेली डोकी! रेघा होत्या त्या कंगव्याच्या, आणि कुरणं होती ती मानेवर बारीक केलेल्या केसांची.

"अगं, हे तर हेडमास्तर!" ते ओरडलेच. "कानामागची ही बट कितीही दाबा, उभीच राहते. ही टेकडी बेकरीवाल्याची. ही पांढरी शिखरं म्हणजे पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आजोबांचं डोकं. आणि हा चंद्र? हे आपले डॉक्टर! डोक्यावर एक केस नाही, तरी महिन्याच्या महिन्याला खुर्चीत येऊन बसतात. आणि मधला हा मोठा डोंगर..." इथं त्यांचा आवाज जरा उतरला. "हा टपालवाल्याचा. दोन भोवरे. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणे, पण त्याला एकीनंच पुरेसं वठणीवर आणलं."

त्या दोन भोवऱ्यांतून तिनं दोन नद्या काढल्या होत्या. केसांच्याच, पण वाहणाऱ्या.

मिशीवाल्यांचा ऊर भरून आला. गवंडी आपली भिंत दाखवतो, सुतार आपलं कपाट दाखवतो. केस कापणाऱ्यानं काय दाखवायचं? कापलेलं झाडून टाकतात आणि राखलेलं महिन्यात वाढतं. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात सलत होतं. आणि इथं त्यांची सगळी हयात डोंगरांसारखी उभी होती. त्यांनी घाईघाईनं सगळा मुलूख धुंडाळला.

"मी कुठाय यात?"

"तुम्हीच नको म्हणालात की."

 मिशीवाल्यांनी चहा संपवला आणि वर पाहिलं, तर बायकोचा चेहरा पार उतरला होता.

"सगळेच ओळखलेत तुम्ही?"

"म्हणजे काय! झोपेत ओळखीन."

"मग आटोपलं," ती म्हणाली. "कोर्सच्या सरांचा नियम आहे. चित्रातलं माणूस ओळखू येत असेल, तर त्याचं 'हो' त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून द्यायचं. नाहीतर चित्र लागत नाही. मला वाटलं, चेहरे कुठं आहेत? मानेवरून कोण कुणाला ओळखतंय?"

"दुसरं कुणी नाहीच ओळखणार. नाही येत ओळखू म्हणून सांग."

"तुम्हाला आलं ना? आता मला ठाऊक झालं. खोटं कसं सांगू?" तिनं लॅपटॉप मिटला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नुसतं माझं म्हणून होतं. जाऊ दे."

ती रडली असती तर मिशीवाल्यांना सोपं गेलं असतं. ती उठून भांडी विसळायला लागली.  मिशीवाल्यांनी मोठ्या ऐटीत ओळख पटवली होती, आणि ती बायकोच्याच पायावर धोंडा होऊन पडली होती. त्यांनी चपला घातल्या.

"तुझा फोन दे," ते म्हणाले. "चित्र आहे ना त्यात?"

हेडमास्तरांनी दारातच फोन हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही माझी मान?"

"तुमचीच. दर वेळी आरशात दाखवतो, तुम्ही डोलवता की!"

"अरे, केस कापायला बसलो की चष्मा तू काढून ठेवतोस. मला तुझा तो आरसा कुठाय तेसुद्धा दिसत नाही! डोलवतो आपला, तुला बरं वाटावं म्हणून."

मिशीवाले तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. बेकरीवाल्याकडे तीच तऱ्हा, आजोबांकडे तीच. म्हणजे अर्धी गल्ली इतकी वर्षं आंधळेपणानं माना डोलवत होती, आणि हे घरी जाऊन बायकोला सांगत होते की आज गिऱ्हाईक खूश होऊन गेलं! पण आता तीच माणसं चष्मे लावून बघत होती. "छान कापतोस की रे," आजोबा म्हणाले, आणि ते ऐकायला एवढं आयुष्य गेलं असं वाटून मिशीवाल्यांची कॉलर ताठ झाली. ज्याला त्याला ते सांगत सुटले, "माझं काम प्रदर्शनात लागतंय. संध्याकाळी. हो म्हणा."

लोक फोनमध्ये हो म्हणाले. बेकरीवाला इतक्या जोरात म्हणाला की पाव घ्यायला आलेली माणसं दचकली. एकटे डॉक्टर अडले.

"बाकीच्यांचे डोंगर, आणि मला चंद्र केलंत?"

"डॉक्टर, तुम्ही नसाल तर तिकडं सगळा अंधार आहे."

डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. आता राहिले होते टपालवाले.

टपालवाले म्हणजे जुने दोस्त. जन्मभर गल्लीत पत्रं वाटली आणि जन्मभर मिशीवाल्यांकडेच केस कापले. कोर्स सुरू झाला तेव्हाही यायचे. मग समोर काचेच्या दाराचं, थंडगार हवेचं नवीन सलून उघडलं आणि एक दिवस मिशीवाल्यांनी त्यांना त्या काचेआड बसलेलं पाहिलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. 'त्या दारात मी पाऊल टाकणार नाही' अशी शपथही त्यांनी घेतली होती. अख्ख्या गल्लीला ऐकवून घेतली होती, हीच पंचाईत. कारण आत्ता टपालवाले नेमके त्या काचेआडच बसलेले दिसत होते.

एक डोकं वगळून चालेल का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण तो मधला डोंगर होता. तो काढला तर नद्या कुठून निघणार?

मिशीवाल्यांनी दार ढकललं. आतल्या तरुण कारागिरानं मशीन बंद केलं आणि "या काका" म्हणून पुढं आला. मिशीवाल्यांची नजर सवयीनं टपालवाल्यांच्या मानेवर गेली. खोट काढायचीच होती. पण रेघ सरळ होती. च्यायला, चांगली सरळ होती.

"कोण आलंय?" चष्म्याविना टपालवाल्यांना आरशात नुसती मिशी दिसली असावी, पण तेवढी पुरली. "तू?"

"मीच. तुझ्या मानेची परवानगी हवीय."

त्यांनी टपालवाल्यांचा चष्मा उचलून स्वतःच्या हातानं त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि फोन समोर धरला. टपालवाले बघत राहिले. नद्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"कुणाचं काम रे हे?"

दिवसभर घोकलेलं उत्तर मिशीवाल्यांच्या जिभेवर होतं. ते 'माझं' म्हणायला गेले आणि अडखळले. डोकी त्यांनी कापली होती, खरं. पण इतकी वर्षं ती रोज बघून त्यांना त्यात एकदाही नदी दिसली नव्हती.

"आमच्या हिचं," ते म्हणाले. "सगळं तिचं आहे. मी नुसता ओळखत बसलो आणि तिचं होत आलेलं काम बिघडवलं."

"म्हणून या दारातून आत आलास?"

"म्हणून आलो."

 टपालवाले खाली बघत म्हणाले, "मी थंड हवेसाठी नव्हतो रे आलो इकडं. तुझ्या दुकानाला पायऱ्या आहेत. जन्मभर लोकांच्या पायऱ्या चढलो, आता तुझ्या चढवत नाहीत. गुडघे गेले. ते तुला कसं सांगायचं?"

"गाढवा, घरी येऊन कापले असते."

"ये मग पुढच्या वेळी." आणि टपालवाल्यांनी फोन तोंडापाशी नेला. दारोदार पत्रासाठी हाक मारायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "हो! वहिनींच्या चित्रात मला जरूर घ्या. मला अभिमान आहे!"

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बायको बसली. कॅमेऱ्यात दिसणार नाही असं एक स्टूल मिशीवाल्यांना दिलं होतं. कोर्सचे सर होते, ठिकठिकाणचे विद्यार्थी होते, छोट्या छोट्या चौकोनांत चेहरे. मग पडदाभर तिचं चित्र उघडलं. खाली लिहिलं होतं 'पाठमोरा मुलूख' आणि त्याखाली तिचं पूर्ण नाव. ते नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत मिशीवाल्यांनी कधी वाचलं नव्हतं. कुणीतरी "वा!" म्हणालं.

ती बोलायला लागली आणि दोन वाक्यांत अडली. सर म्हणाले, "घाई नाही. आणि यांचे केस कापणारे तिथं आहेत का? त्यांनाही बोलू द्या ना."

तिनं वळून पाहिलं. मिशीवाले उठून आले, आणि पडदाभर मिशाच मिशा झाल्या.

"नमस्कार," ते म्हणाले. "केस मी कापले. ते महिन्यात वाढतात, पुन्हा कापावे लागतात. ते आपलं रोजचंच. पण हे चित्र हिनं केलंय. एवढं मोठं माणूस माझ्या घरात आहे, ते मला आज सकाळी कळलं. उशिरा कळलं, चूक माझी. पण मला हिचा फार अभिमान वाटतो, तेवढं सांगतो."  आणि ते पडद्यावर बोट ठेवायला पुढं झाले. "आता हा जो मधला डोंगर आहे ना, तो..."

"अहो," बायको म्हणाली, "सरका जरा. डोंगराचं मी सांगते."

मिशीवाले सरकले. पार भिंतीपर्यंत सरकले. आणि तिनं डोंगराचं सांगितलं, नद्यांचं सांगितलं, चंद्राचं सांगितलं, एकदाही त्यांच्याकडे न बघता.