झाडलेली धूळ

शाळेच्या विज्ञान मंडळाची मी अध्यक्ष झाले, त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या, लुयांडोच्या, रक्तात शिसं सापडलं. अठ्ठेचाळीस! पाचाच्या वर गेलं की काळजी, असं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय. तीन वर्षांची होऊनही ती 'मा'च्या पुढे का बोलत नाही, ते तेव्हा कळलं.

मी घाबरले नाही. अध्यक्ष कशी घाबरेल? मला सगळं पाठ होतं. खाणीची शिसं गाळायची भट्टी माझ्या जन्माआधीच बंद पडली, पण तिच्या धुराड्यातून वर्षानुवर्षं उडालेलं शिसं आमच्या काब्वे शहराच्या मातीत बसलंय, आणि वारा खाणीच्या काळ्या ढिगावरून अजून आणतोच आहे. मग मी घरात कायदे केले. भाजीची भोपळ्याची पानं तीन पाण्यांतून धुवायची. अंगण दिवसातून दोनदा झाडायचं.

"एवढं पाणी काय तुझा नवरा भरणार?" आई म्हणाली. पण धुवायला लागली.

झाडणं माझ्याकडे. अंगणात झाडूच्या रेघा दिसल्या नाहीत तर आमच्याकडे पोरीचं नाव खराब होतं. माझ्या रेघा बघून शेजारची चिलेशेची आई कुंपणावरून ओरडली, "अगं मुटिंटाच्या आई, ही अंगण झाडते की वही आखते?"

सहा महिन्यांनी लुयांडोचं बोट पुन्हा टोचलं. त्रेपन्न.

"यंत्र बिघडलंय," मी म्हटलं.

दवाखान्यातल्या म्वापे सिस्टर हसल्या नाहीत. "झाडलेली धूळ कुठे टाकता?"

"भोपळ्याच्या आळ्यात," आई म्हणाली. "माझी आईपण गावाकडे तिथंच टाकायची. वेल काय फोफावतो!"

"आणि पानं धुतलेलं पाणी?"

"तेही तिथंच. वाया कशाला घालवायचं?"

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "पानावरची धूळ धुता येते हो. मुळांनी ओढून पानाच्या आत नेलेलं शिसं कसं धुणार?"

दोनदा. रोज दोनदा ती धूळ मीच आळ्यात नेऊन घातली होती, सुपली भरभरून. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"औषध आहे ना?" मी विचारलं.

"संपलंय. आलं तरी घरी जाऊन ती हेच खाणार."

संध्याकाळी आईने तीच पानं दाण्याचं कूट घालून शिजवली. मी लुयांडोच्या ताटलीवर हात आडवा धरला.

"मग काय देऊ? नुसता नशिमा?" आई म्हणाली. "सांगा, अध्यक्षीणबाई."

मी हात काढला. लुयांडोने मक्याच्या नशिमाचा घास भाजीत बुडवला आणि बोटंसुद्धा चाटून पुसून साफ केली.

आज सकाळी अंगण झाडलं. रेघा सरळ आल्या. सुपली भरून उभी राहिले. आळ्यात नको. कुंपणापलीकडे टाकावी तर चिलेशेच्या आईची रताळी.

"काय गं, पुतळा झालीस की काय?" ती हसली.

तेवढ्यात वारा सुटला, आणि सुपलीतली निम्मी धूळ भोपळ्याच्या पानांवर जाऊन बसली.