ज्ञानेश्वरीची तलवार आणि मिरीचा पाहुणा

मी एक जुनी तलवार आहे; पण मित्रांनो, मला गंज चढत नाही. माझ्यात लोखंडच नाही. मी मोबाईलच्या गेममध्ये जन्मले. कोण्या संगणकवाल्याने मला निळी झळाळी दिली, 'दुर्मीळ' असा शिक्का मारला आणि तो जेवायला गेला.

तिसगावच्या ज्ञानेश्वरीने मला एका दैत्याला हरवून मिळवले. तिचा थोरला भाऊ कल्याण चाकणच्या कारखान्यात असतो. दोघे फोनवर बोलत तेव्हा संभाषण असे होई: "जेवलीस का?" "जेवले." "बरं." गेममध्ये मात्र दोघांना वाचा फुटे. "मागं बघ की, येडे!" "तू आधी पळ, कल्या!" मधूनच कारखान्यातला साहेब, आईचे गुडघे, तिला पाहायला येणारे स्थळ, सगळे निघे. मोबाईलचा माईक उघडा असल्याने मी सगळे ऐकत असे. शिवाय शत्रू मारत असे.

गेममध्ये ज्ञानेश्वरीकडे घोडा होता, कल्याण पायी चाले. भाऊबीजेला त्यालाही घोडा द्यावा, म्हणून तिने मला वस्तूंच्या ऑनलाईन बाजारात अदलाबदलीला ठेवले. लगेच एकाचा फोन आला. घोडा आहे म्हणाला, मीही नगरकडचाच म्हणाला. ज्ञानेश्वरी सावध होती. पण शेजारी तिची आई छबूबाई लसूण सोलत होती. आमच्या भागात माणसाची पारख आधारकार्डावर होत नाही, नात्यागोत्यावर होते. छबूबाईंनी फोन ओढून घेतला.

"कुनाचा रं तू?"

"ओळखा की, मावशी."

"आवाज तर मिरी गावच्या आपल्या पावन्यावानी, सूर्यभानावानी वाटतोय."

"त्यांचाच धाकटा मी!"

"आगं बया! आपलाच हाय की!"

परीक्षेत प्रश्नही छबूबाईंचा आणि उत्तरही त्यांचेच. मुलगा पहिल्या नंबराने पास झाला. मग त्याने मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला.

"आई, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो."

"पावन्याला न्हाई म्हनतीस? उद्या कुनाच्या लग्नात तोंड कसं दाखवू मी? दे त्येला."

ज्ञानेश्वरीने आकडा दिला. पुढच्या घटकेला अकाउंटचा पासवर्ड बदलला आणि मी पाहुण्याच्या हातात गेले. घोडा आलाच नाही.

पाहुणा हावरा होता. ज्ञानेश्वरीच्या नावानेच त्याने कल्याणला निरोप धाडला, "दादा, प्लीज तुझाही ओटीपी पाठव ना."

कल्याणने ताबडतोब घरी फोन लावला. "ज्ञाने, तुझं अकाउंट कुनाकडं गेलं? जन्मात कधी मला दादा म्हनली न्हाईस, आन आज प्लीज?"

छबूबाईंनी तावातावाने सूर्यभानला गाठले. तो म्हणाला, "अहो अक्का, मला पोरगाच न्हाई. दोन्ही पोरीच हायेत." हे छबूबाईंना ठाऊक असायला हरकत नव्हती. दोघींच्या बारशाला पाळणा त्यांनीच म्हटला होता.

मग सायबर पोलिसांत तक्रार झाली, गेमवाल्यांकडे अर्ज गेले. तोवर मी बाजारात विक्रीला पडून होते. लोक मला न्याहाळत, घासाघीस करत. कोणी उपसत मात्र नसे. तिकडे भावाबहिणीचे पुन्हा "जेवलीस का?" "जेवले." "बरं." सुरू झाले.

बरेच खेटे घातल्यावर अकाउंट परत मिळाले. गिऱ्हाईक लागले नव्हते, म्हणून मीही सोबत आले. खेळ सुरू होताच ज्ञानेश्वरी म्हणाली, "कल्या, तुझा घोडा राहिला रे."

"मला कशाला घोडा? पळत पुढं गेलो, तर बोलू कुनासंगं?"

मित्रांनो, तलवारीने उपदेश करू नये, तरी करते. पाहुण्याला चहा पाजा, जेवू घाला, आग्रहाने मुक्कामाला ठेवा. ओटीपी मात्र सख्ख्या जावयालाही देऊ नका.

 तिकडे खेळात ज्ञानेश्वरी आपल्या घोड्यावरून उतरली आणि कल्याणच्या बरोबरीने पायी चालू लागली.