मोज्यात बांधलेली घंटा

मी एक जुनी, पोचे आलेली पितळी घंटा आहे. मित्रांनो, माझा जन्म गाईच्या गळ्यासाठी झाला. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या कुरणात एका तांबड्या गाईबरोबर मी मनसोक्त वाजले. ती गाय मेल्यावर तिच्या मालकिणीने, लिओनीने, मला निजायच्या खोलीच्या दाराला बाहेरून टांगले. तिचा नवरा एमेरी झोपेत चालायचा. डोळे उघडे, पण शुद्ध नाही. मी वाजले की लिओनी उठून त्याला परत निजवायची. सकाळी त्याला काही म्हणजे काही आठवत नसे. बिचारा खाली मान घालून धारा काढायला जाई.

हिवाळ्यात लिओनीचा धाकटा भाऊ ओनेझिम राहायला आला. माझ्या आवाजाने त्याची झोपमोड व्हायची. "ताई, हे घर आहे की गोठा?" असे तो रोज चिडवायचा.

आणि एका रात्री नको ते झाले. एमेरी झोपेत उठला. शेगडीजवळ निजलेल्या ओनेझिमला त्याने सरपणाचे लाकूड हाणले. बिचाऱ्याचा हात मोडला.

खटला उभा राहिला. एमेरी झोपेत होता, त्याने जाणूनबुजून काहीच केले नाही, असे त्याचा वकील म्हणाला. सरकारी वकिलाने मला सर्वांसमोर उचलून हलवले. मी खणखणीत वाजले. ही दारावरच होती, तो म्हणाला, मग त्या रात्री वाजली कशी नाही? आरोपीने ती हाताने धरली असणार. म्हणजे तो जागा होता!

लिओनीचा चेहरा पांढराफटक पडला. एमेरी तुरुंगात जाणार, हे तिला दिसू लागले. मला खरे ठाऊक होते, पण टेबलावरच्या घंटेला कोण विचारतो?

तेवढ्यात ओनेझिम उठला. त्याचा हात अजून गळ्यातल्या झोळीत होता.

"साहेब, दाजींनी नाही धरली. झोप लागावी म्हणून मीच घंटेच्या लोलकाला मोजा बांधला होता. पोलीस यायच्या आत सोडला. लाज वाटली मला."

मग न्यायाधीश म्हणाले, "मारलं ते याच्या हातानं, पण यानं नाही मारलं." एमेरी सुटला. तो ओनेझिमच्या झोळीतल्या हाताकडे बघून ढसाढसा रडला.

घरी आल्यावर ओनेझिमनेच धडक्या हाताने मला दारावर टांगले. आता तो चिडवत नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या दारावरची घंटा तुम्हाला कटकट वाटेल. पण तिचे तोंड बांधण्याआधी ती कोणासाठी वाजते, एवढे तरी विचारा.